रोज एक वडी संपवावी

"हात सैल सोडा बाई, आणि एक मिनिट बोलू नका."

"मी कुठे बोलतेय? तूच बोलतेस," शेडगे बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मी पट्ट्यात हवा भरली, कानाला नळ्या लावल्या आणि पारा हळूहळू खाली येऊ दिला. पहिला ठोका एकशे चौतीसला, शेवटचा चौऱ्याऐंशीला. खात्रीसाठी पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. जवळपास तेच. आठ आठवड्यांपूर्वी, पहिल्या शनिवारी, ह्याच हातावर एकशे बासष्ट आणि अठ्ठ्याण्णव आलं होतं.

"किती आलं?"

"छान आहे, बाई."

"छान हा आकडा नव्हे. चौतीस वर्षं मी चौथीला गणित शिकवलंय."

मी आकडा सांगितला. बाईंनी समाधानाने मान डोलावली. मी तक्त्यात सतरा नंबरच्या रकान्यात तो लिहिला आणि मनातल्या मनात म्हटलं, अप्पा, उतरला हो.

आमचा प्रयोग तसा सोपा होता. साठ माणसं, सगळी साठीच्या पुढची, रक्तदाब थोडा वाढलेला पण गोळ्या अजून सुरू न झालेली. त्यांनी आठ आठवडे रोज एक डार्क चॉकलेट खायचं आणि दर शनिवारी कॉलेजच्या गृहविज्ञान विभागात येऊन बीपी मोजून घ्यायचं. चॉकलेट कंपनीचं, बीपीचं यंत्र कंपनीने घेऊन दिलेलं, बाहेरच्या बाकावरचा चहा कंपनीचा. प्रकल्प सहायक म्हणून माझी जागाही कंपनीच्याच देणगीतली. प्रयोग मात्र आमच्या सरनाईक मॅडमचा. मॅडमना खरं तर साठ माणसांचा आणखी एक गट हवा होता, चॉकलेट न खाणारा, म्हणजे तुलना करता आली असती. कंपनीने नाही म्हटलं नाही. पहिल्या टप्प्यात नको, एवढंच म्हटलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. ते त्या साठांत नव्हते, त्यांना गोळी सुरू होती. आदल्या वर्षी मंडईत वांगी निवडता निवडता त्यांचा डावा हात लुळा पडला होता. दोन तासांनी परत आला, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळी चुकवू देऊ नका. पुढच्या खेपेला हात परत येईलच असं नाही." आई नव्हती, घरात आम्ही दोघंच. तेव्हापासून रोज सकाळी मी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची आणि ते गोळीकडे असं बघायचे की जणू तिने त्यांचा अपमान केलाय. गोळीने दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, अशी त्यांची तक्रार. माझा प्रयोग सुरू झाल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "तुझा निकाल लागंपर्यंत घेतो. निकाल लागला की गोळी बंद, चॉकलेट चालू. माझ्या लेकीचं संशोधन हाय, मी न्हाई मानायचं तर कुणी मानायचं?" मी हसले होते. मला काळजी करायला एरवी कारण लागत नाही, आणि नेमकी तेव्हा मी हसले होते.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"आज शेवटचा दिवस. म्हटलं वैजयंतीचं तोंड गोड करावं."

मी झाकण उघडलं. चॉकलेटी रंगाच्या वड्या, काटेकोर चौकोनी, वर बदामाचे काप. भूक लागलीच होती. एक उचलली. दूध छान आटलेलं होतं, साखर बेताची, मागे किंचित कडसर चव रेंगाळणारी.

"फारच सुंदर झाल्यात, बाई. कुठलं चॉकलेट वापरलंत?"

"कुठलं म्हणजे? तुमचंच की."

दुसरी वडी उचलायला गेलेला माझा हात डब्यावरच राहिला.

"आमचं म्हणजे?"

"अगं, पहिल्या दिवशी एक तुकडा तोंडात टाकला. कडू जहर! त्यापेक्षा कारलं परवडलं. पण टाकून कशी द्यायची? रोज संध्याकाळी एक वडी फोडायची, डब्यात टाकायची, कागद नखाने सरळ करून वहीत ठेवायचा. पंधरा दिवसांच्या साठल्या की दूध-साखर घालून आटवायच्या. नाती मिटक्या मारत खातात. आमच्या बाकावरच्या चौघींना कृती दिलीय मी."

"पण बाई, मी दर शनिवारी तुम्हाला विचारत होते!"

"काय विचारत होतीस? आठव."

मी आठवलं. मी विचारायची, वड्या संपल्या ना?

"मग? संपतच होत्या," बाई म्हणाल्या. "तुझ्या पत्रकात तसंच आहे."

पत्रक भिंतीवर लावलेलं होतं. मॅडमनी इंग्रजीत दिलेल्या सूचना मी मराठीत केल्या होत्या. ‘बार’ लिहिलं तर भलताच अर्थ निघायचा म्हणून, साबणाची असते तशी, ‘वडी’ लिहिलं. आधी ‘रोज एक वडी खावी’ असंच लिहिलं होतं. मग मला काळजी वाटली की कुणी अर्धीच खातील आणि अर्धी ठेवून देतील. म्हणून मी ‘खावी’ खोडलं आणि लिहिलं: रोज एक वडी संपवावी व कागद जपून ठेवून शनिवारी परत आणावेत. माझ्या काळजीने आजवर केलेली सगळ्यात मोठी करामत ती.

घरात लहान मूल असताना आजी एकटी बसून रोज चॉकलेट खाईल, हे मला खरं वाटलंच कसं, कोण जाणे. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात एक पेढा अख्खा खाल्ला नव्हता.

"बाई," मी म्हटलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून, "मग तुमचं बीपी उतरलं कशाने?"

बाईंनी दाराकडे बघितलं. मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. बाईंनी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी अर्धीच बाहेर काढून दाखवली, कॉपी सापडलेल्या मुलीसारखी.

"तिसऱ्या शनिवारी एकशे अडुसष्ट आलं होतं. तूच म्हणालीस, डॉक्टरांना दाखवा."

"आणि चौथ्या शनिवारी मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे!"

"डॉक्टर तेच म्हणाले होते. गोळी घेतली तर सगळं ठीक आहे." बाईंनी पट्टी परत आत सारली. "खरं सांगितलं असतं तर तू मला काढून टाकलं असतंस. नियमच होता ना तुमचा? आठवड्यातून एकदा कुणीतरी माझा हात हातात घेऊन विचारतं, बाई, कशा आहात. ते मी का घालवायचं?"

त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही. त्या गेल्यावर मी डबा कपाटात ठेवला, वर फाइल ठेवली, मग फाइल काढून कुलूप लावलं.

कार्यक्रम मंगळवारी होता. नगरपालिकेच्या सभागृहात निकाल जाहीर होणार, कंपनीची माणसं पुण्याहून येणार. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांच्यावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात का होईना, माझं नाव होतं: निरीक्षणांचे वाचन, कु. वैजयंती बर्गे.

घरी पत्रिका सोमवारीच आली होती; अप्पांनी ती कॅलेंडरला टाचणीने टोचून मंगळवारभोवती लाल पेनने गोल काढला होता.

"लागला का गं निकाल?"

"अजून बेरजा व्हायच्यात."

"पर कल काय म्हणतोय? उतरतोय न्हवं?"

"उतरतोय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, आणि तेच मला रात्रभर छळत राहिलं.

रविवारी सकाळी मी सायकल काढली. पत्ते माझ्याकडे होतेच. प्रत्येक घरी एकच सांगायचं ठरवलं, राहिलेल्या वड्या परत न्यायला आलेय. दुपारपर्यंत नऊ घरं झाली. चौघांनी खरंच रोज खाल्ली होती, एक आजोबा तर आणखी आहेत का विचारत होते. दोघींनी बाईंच्या कृतीने वड्या केल्या होत्या. एकांनी सगळी चॉकलेटं फ्रिजमध्ये रचून ठेवली होती, दिवाळीत जावयाला द्यायला. एकांनी अर्धी शेजाऱ्यांना वाटली होती. नवव्या घरी काकू चॉकलेटच्या कागदात शेंगदाण्याचा लाडू गुंडाळून मुलासमोर खायच्या, म्हणजे चॉकलेट खाल्लं नाही म्हणून तो ओरडत नाही. आणि नऊपैकी तिघांना मधल्या काळात गोळी सुरू झाली होती. आम्हीच दर शनिवारी आकडा सांगितल्यामुळे ते डॉक्टरकडे गेले होते.

सोमवारी मी सगळं मॅडमना सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच लिहून ठेवते. पहिल्या वर्षी माझी फी त्यांनीच भरली होती. त्यांनी डब्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

"शेडगे बाई धरून दहा जण म्हणजे साठ नव्हेत, वैजयंती."

"पण मॅडम, बाकीच्या पन्नास जणांचं आपल्याला माहीतच नाही."

"शोधनिबंधात मर्यादा लिहायच्या असतात. तिथे लिहू आपण, सविस्तर."

"आणि उद्या?"

"उद्या निबंध नाही, कार्यक्रम आहे." त्यांनी चष्मा लावला. "हे बघ, मलाही दुसरा गट हवा होता. दुसऱ्या टप्प्यात तो मिळणार आहे. चारशे माणसं, दोन गट, सगळं नीट. पण उद्याचं पार पडलं तरच. नाहीतर तीही नाही, आणि तुझी जागाही नाही."

तेवढ्यात दारात निरगुडकर आले. कंपनीतर्फे तेच यायचे. अतिशय नम्र गृहस्थ, माझ्यासारखीलाही उठून नमस्कार करायचे. मॅडमनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते मुळीच चिडले नाहीत.

"मॅडम, शास्त्र तुमचं. आम्ही एक अक्षर बदलायला सांगणार नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. साठ जणांचा सरासरी दाब किती उतरला?"

"अकराने," मी म्हटलं.

"हा आकडा खरा आहे?"

"आकडा खरा आहे. पण—"

"आणि ह्या साठ जणांना आपण आठ आठवडे रोज चॉकलेट दिलं होतं, हेही खरं?"

"दिलं होतं."

"मग उद्या तुम्ही एवढंच वाचा. ह्यात खोटं काय आहे, ताई?"

मी आकड्यांचा तक्ता मिटून घेतला. आजही वाटतं, तो माणूस माझ्याशी कधीच खोटं बोलला नाही. त्यांना काय विचारायचं आणि कुठे थांबायचं हे बरोबर कळत होतं.

संध्याकाळी अप्पा ओट्यावर बसून उद्याच्या शर्टाचं बटण शिवत होते. आमच्या गावच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं फलाटांचा माइक त्यांच्या हातात. मी शेजारी बसले.

"अप्पा, कधी असं झालंय का, तुम्ही फलाट एक सांगितला आणि गाडी दुसऱ्याच फलाटावर लागली?"

"लई वेळा. ड्रायव्हर लावील तिथं गाडी."

"मग काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? माइक परत घ्यायचा. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हणायचं आन् नवा फलाट सांगायचा. तीनदा." त्यांनी दोरा दाताने तोडला. "पहिल्यांदा एकदा सांगितलं तर चालतं, पर चुकल्यालं दुरुस्त करताना तीनदाच. माणसं बोचकी घेऊन बसल्याली असत्यात, ऐकत न्हाईत. कशापायी विचारतीस?"

"असंच."

"उद्याचं भ्या वाटतंय व्हय? माइक तोंडापासनं चार बोटं लांब धर. बाकी काय न्हाई." मग अगदी खुशीत म्हणाले, "आज शेवटची गोळी झाली बघ. उद्या सकाळी मला पाणी आणू नगंस. थेट सभागृहातच वडी खाणार."

"अप्पा, उद्याचा दिवस घ्या ना. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच तर सोडतोय."

मी सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, तिथेच. पण शर्ट मांडीवर घेऊन ते असे उजळलेल्या चेहऱ्याने बसले होते, की मी सुई-दोरा उचलून आत ठेवून आले. आणि खरं सांगायचं तर मला माझी जागाही हवी होती. उद्या कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग घरी निवांत सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

मंगळवारी सकाळी अप्पांनी गोळी घेतली नाही. मी पेला घेऊन गेले तर त्यांनी पाणी पिऊन गोळी तेवढी माझ्या हातात परत ठेवली. मी ती रुमालात बांधून कमरेला खोचली.

सभागृहात तीनशे माणसं तरी असतील. दारात प्रत्येकाला एक वडी आणि एक घडीचं पत्रक मिळत होतं. अप्पा तिसऱ्या रांगेत, पांढरा शर्ट, शेजारी त्यांच्या कट्ट्यावरचे निकम तात्या. शेडगे बाई पहिल्या रांगेत होत्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, निरगुडकर मात्र हसून मान हलवत होते.

मी माइक चार बोटं लांब धरला आणि वाचलं. साठ व्यक्तींना आठ आठवडे दररोज एक डार्क चॉकलेट देण्यात आले. आठव्या आठवड्याच्या अखेरीस त्यांचा रक्तदाब सरासरी अकरा अंकांनी कमी आढळला. एवढंच. कागदावर शेजारी मी पेन्सिलने आणखी चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. टाळ्या सुरू झाल्या आणि मी कागदाची घडी केली.

शेडगे बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. तिसऱ्या रांगेत अप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मग त्यांनी मला दिसेल अशी वडी उंच धरली, कागद सोलला आणि ती कडू वडी अख्खी खाल्ली, तोंड वाकडं न करता.

तिथून पुढे मला काही ऐकू आलं नाही. मी फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो खिशात घातला, बाहेर काढला, कपाळ पुसलं. मंचावर बसून मी त्यांची बोटं हलतायत का ते मोजत होते. कुणीतरी मला पुष्पगुच्छ दिला, तो मी उलटा धरला होता, असं नंतर फोटोत दिसलं.

घरी पोचल्याबरोबर मी दार लावलं, पेला भरला, कमरेचा रुमाल सोडला.

"अप्पा, गोळी घ्या."

"आँ? आत्ताच तर तू—"

"आधी घ्या. मग सांगते."

माझा आवाज ऐकूनच असेल, त्यांनी निमूट गोळी गिळली. मग मी सांगितलं. डबा, संपवावी, बाईंच्या पर्समधली पट्टी, नऊ घरं, मॅडम, निरगुडकर. सांगता सांगता रडू आलं, तरी थांबले नाही. मी एकदाही खोटं वाचलं नाही, हेही सांगितलं, आणि ते सांगताना माझीच मला लाज वाटली.

अप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं रागावतील, किंवा म्हणतील जाऊ दे पोरी. त्यांनी फक्त विचारलं, "आज माणसं किती व्हती?"

"तीनशे असतील."

"आन् दुरुस्ती मला एकट्याला सांगतीस?"

मी रिकाम्या रुमालाची घडी करू लागले.

"मी कट्ट्यावर सहा जणांस्नी सांगितलंय, लेकीचा शब्द हाय म्हणून," ते म्हणाले. "निकम्यानं तर पत्रिका आली त्याच दिवशी गोळी सोडलीया. आठ दिस झालं."

ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. माझी जागा गेली. वर्तमानपत्राला मी लिहिलेलं पत्र अकरा दिवसांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून आलं, ‘चॉकलेट खावे की न खावे?’ अशा मथळ्याखाली, निम्मं कापून. मॅडमनी निबंधात मर्यादा खरंच लिहिल्या, सविस्तर, शेवटच्या पानावर. तिथपर्यंत कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दुसरा टप्पा झाला, पण दुसऱ्या शहरात. हे सगळं होऊन सोळा वर्षं झाली. मॅडम बाजारात भेटतात, आम्ही बोलतो. तो विषय काढत नाही. मला मात्र त्या सगळ्यातली आठवते ती निकम तात्यांची गल्ली.

उन्हं उतरत आली होती. अप्पा पुढे, मी मागे. ते एवढ्या वेगाने चालत होते की मला त्यांचं बीपी आणि निकमांचं बीपी, दोन्हींची काळजी एकदमच करावी लागत होती. गल्लीचं वळण घेतलं आणि अप्पा थबकले. निकमांच्या दारात चपला होत्या. दहा-बारा जोड, घाईघाईने सोडलेल्या, काही उपड्या. आमच्याकडे दारात अशा चपला कधी दिसतात ते कुणाला सांगावं लागत नाही. अप्पांनी भिंतीला हात टेकला. डावा. आठ दिवस, मी मनात म्हटलं, आठ दिवस गोळी नाही, आणि निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव.

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"...सरासरी अकरा अंकांनी! ऐकलं का? आपल्या बर्ग्याच्या पोरीनं सोत्ता माइकवर सांगितलंय!"

निकम तात्या पलंगावर मांडी घालून बसले होते. हातात घडीचं पत्रक. सतरंजीवर अर्धी गल्ली जमलेली, म्हातारे, बायका, एकीच्या हातात तिची गोळ्यांची डबी. तात्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"या, या! आल्या बघा संशोधक बाई!"

अप्पा उंबऱ्यातच उभे राहिले. खाकरले. आणि मग तो आवाज निघाला, जो मी लहानपणी स्टँडवर डबा द्यायला गेले की ऐकायची, छपरापर्यंत जाणारा, कुणाचाच नसलेला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे."

सतरंजीवरची माणसं हसली, मग अप्पांचा चेहरा बघून गप्प झाली. अप्पांनी मला दंडाला धरून पुढे केलं.

"सांग. पत्रिकेवर नाव तुझं हाय."

मी सांगितलं. पहिल्यांदा अडखळत, निम्म्यांना काहीच कळलं नाही. अप्पा म्हणाले, परत. दुसऱ्यांदा मी पत्रकातल्या त्या शब्दापासून सुरुवात केली, संपवावी, आणि शेडगे बाईंचं नाव न घेता त्यांच्या डब्यापर्यंत आले. बायका आधी हसल्या. मग डबीवालीने डबी उघडून आतल्या गोळ्या बघितल्या. तिसऱ्यांदा सांगून झालं. तात्यांच्या सुनेने आतून पाण्याचा तांब्या आणि आठ दिवसांपूर्वी गुंडाळून ठेवलेली पट्टी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

तात्यांनी गोळीकडे बघितलं, दुसऱ्या हातातल्या सभागृहातून आणलेल्या वडीकडे बघितलं, आणि हिरमुसल्या तोंडाने अप्पांना विचारलं, "मग ही काय खायची न्हाई व्हय?"

"खा की," अप्पा म्हणाले. "गोळी घे आन् मग खा."